रीडिंग ‘आणू’ नका, घ्या!

सेमिस्टर संपत आलं की फिजिक्सच्या लॅबमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘ए, तुझं किती आलं?’ विचारणाऱ्याच्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात खोडरबर आणि समोर जर्नलचं कोरं पान. कुणीतरी सांगतं, ‘पॉइंट सहा आठ.’ पुढच्या दहा मिनिटांत अख्ख्या बॅचचं उत्तर पॉइंट सहा आठच्या आसपास येऊन बसतं. कुणाचं पॉइंट सहा सहा, कुणाचं पॉइंट सात एक. अगदी सेम नको ना, सरांना कळेल!

हसू नका, मीही त्याच बॅचमधली. टीवायला असताना ‘फोर प्रोब’चं प्रॅक्टिकल होतं. जर्मेनियमचा छोटा तुकडा तापवायचा, त्यावर टेकवलेल्या चार सुयांमधून करंट आणि व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरून बँड गॅप काढायचा. पुस्तकात उत्तर साधारण ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आमचं येईना. एक सुई नीट टेकत नव्हती, हे आम्हाला दिसत होतं. पण तीन तासांचं प्रॅक्टिकल, एका सेटवर सहा जण, आणि बाहेर पुढची बॅच उभी. मग आम्ही उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग लिहिली. ग्राफ असा सरळ आला की काय सांगू! दहापैकी नऊ मार्क. सुई नीट टेकत नव्हती, हे मात्र जर्नलमध्ये कुठेच आलं नाही.

ही गोष्ट मी विसरलेही असते. पण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला पुन्हा तेच फोर प्रोब आलं. या वेळी समोर होती निकेलची एकच तार, १०० नॅनोमीटर जाडीची. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्याही हजारावा भाग. तिचा विजेचा आणि चुंबकाचा स्वभाव मोजायचा होता. आणि तिचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्या एका तारेने माझी जर्नलची सवय मोडली. म्हणूनच हे लिहायला बसलेय.

सरासरी सगळं झाकते

अशी तार बनवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. अॅल्युमिनाची पातळ चकती घ्यायची, जिच्यात आरपार सरळ, बारीक भोकं असतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जांच्या घरात. एका बाजूला धातूचा थर देऊन ती निकेलच्या द्रावणात ठेवायची आणि करंट सोडायचा. इलेक्ट्रोप्लेटिंगच, फक्त भोकांच्या आत. भोकं निकेलने भरली की कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात अॅल्युमिना विरघळवून टाकायचा. उरतात त्या सुट्या तारा.

चकती न विरघळवताही मोजता येतं. सगळ्या तारांसकट ती मॅग्नेटोमीटरमध्ये ठेवली की बी.एस्सी.ला सीआरओवर पाहिलेला तोच हिस्टेरिसिस लूप मिळतो. छान, तिरका, गुळगुळीत. पण तो अब्जावधी तारांचा एकत्र आवाज असतो. प्रत्येक तार थोड्या वेगळ्या चुंबकीय क्षेत्राला उलटते, शिवाय शेजारच्या तारा एकमेकींना ढकलत असतात. सगळ्यांची बेरीज गुळगुळीत दिसते इतकंच.

एकटी तार पाहिली तर चित्र वेगळं निघतं. क्षेत्र उलट दिशेने वाढवत न्यायचं, तार बराच वेळ दाद देत नाही, आणि एका क्षणी तिचं मॅग्नेटायझेशन फटकन उलटतं. उतार नाही, थेट उडी. वर्गाची सरासरी ६० टक्के असते, पण वर्गात एकालाही ६० नसतात, तसंच हे. सरासरी खोटी नसते. पण तिच्यावरून एकाचा स्वभाव सांगायला गेलात की फसलात.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला वोल्फगांग वेर्न्सडॉर्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या एकेकट्या नॅनोवायरवर नेमकं हे केलं. मायक्रो-स्क्विड नावाच्या अतिसंवेदनशील सेन्सरने, अतिथंड तापमानात त्यांनी तार उलटण्याचा क्षण पकडला. त्यांच्या मोजमापातून दिसलं की तार सगळीच्या सगळी एकदम वळत नाही. एका छोट्याशा भागात सुरुवात होते आणि तिथून उलटणं पुढे पसरत जातं. अब्ज तारांच्या सरासरीत हा बारकावा कधी सापडलाच नसता.

आणि हा नुसता शास्त्रज्ञांचा छंद नाही. आयबीएममध्ये असताना स्टुअर्ट पार्किन यांनी ‘रेसट्रॅक मेमरी’ची कल्पना मांडली. नॅनोवायरमधल्या चुंबकीय पट्ट्यांमध्ये माहिती साठवायची आणि करंट देऊन त्या पट्ट्या तारेतून पुढे सरकवायच्या. असं काही बनवायचं तर ‘तारा साधारणपणे अशा वागतात’ म्हणून भागत नाही. ही तार, याच जागी, कशी वागते हे कळावं लागतं.

दोन जुनी प्रॅक्टिकल्स, एक तार

मोजायचं कसं? माझ्या डोक्यात होतं, काहीतरी भलतंच हाय-फाय मशीन असणार. मशीन महाग होतं, ते खरं. पण आतली कल्पना टीवायच्या जर्नलमधलीच.

तारा अल्कोहोलमध्ये तरंगत ठेवायच्या, त्याचा एक थेंब सिलिकॉनच्या चिपवर टाकायचा. थेंब सुकला की तारा कुठेही, कशाही पडलेल्या असतात. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एक सुटी, सरळ तार शोधायची. रांगोळी विस्कटल्यावर त्यातला एक ठरावीक कण शोधायला सांगितलं तर कसं वाटेल, तसं पहिले काही दिवस वाटतं. तार सापडली की तिची जागा चिपवरच्या खुणांवरून टिपून ठेवायची. नंतर चिपवर पॉलिमरचा थर देऊन इलेक्ट्रॉनच्या झोताने त्यावर चार रेघा ‘लिहायच्या’. त्या रेघांमध्ये टायटॅनियम आणि सोन्याचा थर बसवायचा, नको असलेला भाग धुऊन काढायचा. तार आता चार सोनेरी बोटांखाली आडवी पडलेली असते.

चारच बोटं का? बाहेरच्या दोन बोटांतून करंट जातो, आतल्या दोन बोटांमधलं व्होल्टेज मोजलं जातं. व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे तार आणि सोनं जिथे जुळतात तिथला रेझिस्टन्स मोजमापात येत नाही. टीवायला मी ही व्याख्या पाठ केली होती. ती का लागते, हे इथे कळलं. थोडं गणित करू या.

१०० नॅनोमीटर जाडीची निकेलची तार, आतल्या दोन बोटांमधलं अंतर २ मायक्रोमीटर. निकेलचा नेहमीचा रेझिस्टिव्हिटीचा आकडा घातला तर रेझिस्टन्स येतो साधारण १८ ओहम. खऱ्या बारीक तारेत तो थोडा जास्तच भरतो, कारण इलेक्ट्रॉन तारेच्या पृष्ठभागावर आणि धातूच्या कणांच्या सीमांवर आपटत जातात. निकेलवर हवेत ऑक्साइडचा पातळ थर येतो. तो नीट काढला नाही तर सोन्याच्या जोडाचाच रेझिस्टन्स शेकड्यांत जाऊ शकतो. समजा तो २०० ओहम झाला. दोनच बोटांनी मोजलंत तर मीटर दाखवणार २१८. त्यात तार केवढी? १८. आपण तार मोजतोय असं समजून जोडच मोजत बसणार.

आता चुंबकाकडे वळू. एवढ्या छोट्या तारेचं चुंबकत्व तिच्या विजेवरूनच ओळखता येतं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, त्यांनी १८५६-५७ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की लोखंड आणि निकेलचा रेझिस्टन्स त्यांच्या मॅग्नेटायझेशनच्या दिशेप्रमाणे बदलतो. मॅग्नेटायझेशन करंटच्या दिशेत असेल तर थोडा जास्त, आडवं असेल तर थोडा कमी. लांबट तारेत मॅग्नेटायझेशनला तारेच्या लांबीच्या दिशेने राहायला आवडतं. निकेलच्या तारेत ते पूर्ण आडवं करायला सुमारे ०.३ टेस्लाचं क्षेत्र लागतं. क्षेत्र तारेशी कोन करून लावलं आणि हळूहळू उलट दिशेने नेलं, की रेझिस्टन्स आधी सावकाश उतरतो आणि मॅग्नेटायझेशन पलटताच एकदम वर उडी मारतो. ती उडी म्हणजे आपलं सिग्नल. ‘बी-एच कर्व्ह’ आणि ‘फोर प्रोब’, दोन्ही प्रॅक्टिकल्स एकाच तारेवर.

फक्त ही उडी केवढी? निकेलमध्ये हा सगळा फरक असतो २ टक्क्यांच्या आसपास. १८ ओहमचे २ टक्के म्हणजे ०.३६ ओहम. करंट १ मायक्रोअँपिअर दिला तर व्होल्टेजमधला फरक ०.३६ मायक्रोव्होल्ट. हा झाला पूर्ण फरक, प्रत्यक्ष उडी त्याहून लहान असते. मग करंट वाढवावा ना? वाढवा, पण जपून. घराच्या वायरिंगमधल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर जातात तेव्हा जेवढी करंटची दाटी होते, तिच्या सुमारे १९ पट दाटी या तारेत नुसत्या १ मायक्रोअँपिअरला होते. अजून वाढवत गेलात की तार तापते, तिचा स्वभाव बदलतो आणि शेवटी ती तुटते.

म्हणून लागतो लॉक-इन अॅम्प्लिफायर. आपण ठरावीक फ्रिक्वेन्सीचा करंट द्यायचा, भिंतीतल्या ५० हर्ट्झपासून आणि तिच्या पटींपासून लांबची. मशीन फक्त त्या फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज वेचून घेतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत दहा पथकं एकदम वाजत असतात, तरी पथकातल्या मुलीला आपल्या पथकाचा ठेका बरोबर ऐकू येतो. हे तसंच.

आणि ज्याला उडी ‘बघायची’ आहे त्याच्यासाठी मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोप आहे. हे तंत्र १९८७ मधलं. चुंबकीय टोक असलेली बारीक सुई तारेवरून थोड्या उंचीने फिरवतात. तार छोट्या बार मॅग्नेटसारखी असेल तर एक टोक उजळ दिसतं, दुसरं गडद. रेझिस्टन्स सांगतो तार ‘केव्हा’ उलटली, हे चित्र सांगतं ‘कुठे’ काय झालं. पण इथेही गंमत आहे. सुई स्वतःच चुंबक असल्यामुळे तीच कधीकधी तारेला उलटवून टाकते. बघणाऱ्यानेच घोळ केला की नाही, हेही तपासावं लागतं.

तिसरी तार

हे सगळं वाचून वाटेल, मी चार दिवसांत ग्राफ काढून मोकळी झाले असेन. आम्ही १४ तारांना जोड दिले. पहिली तार मी स्वतःच जाळली. मनगटाला अर्थिंगचा पट्टा न लावता चिपला हात लावला. अंगावरच्या स्टॅटिक विजेचा आपल्याला झटकासुद्धा कळत नाही, तारेला तो पुरतो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर मध्ये खळगा आणि दोन्ही बाजूंना वितळलेले गोळे. काहींचे जोड लागलेच नाहीत. काही धुताना वाहून गेल्या. शेवटी नीट मोजता आल्या तीन.

पहिल्या दोन तारा जवळपास एकाच क्षेत्राला उलटल्या. मी खूश. तिसरी खूप आधीच उलटली. परत मोजली, परत तेच. प्रेझेंटेशन चार दिवसांवर होतं. मी लॅबमधल्या पीएच.डी. करणाऱ्या ताईला म्हटलं, ‘ताई, ही तिसरी सोडून देऊ या का? ती जरा गंडलीये.’

तिने मान वर न करता विचारलं, ‘कशावरून?’

‘बाकीच्या दोघींसारखी येत नाही ना.’

‘मग त्या दोघी गंडल्या नाहीत कशावरून?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या डोक्यात टीवायचं तेच गणित चालू होतं, जे जुळत नाही ते चूक. तिने तिसऱ्या तारेचे मायक्रोस्कोपचे फोटो पुन्हा मोठे करून बघायला लावले. एका ठिकाणी तार किंचित फुगलेली दिसली, कदाचित अॅल्युमिनाचं भोक तिथे वाकडं होतं. उलटणं तिथूनच सुरू होत असावं, असा आमचा अंदाज. सिद्ध झालं नाही, तेवढा वेळच नव्हता. पण रिपोर्टमध्ये तीनही तारा गेल्या आणि वाया गेलेल्या ११ तारांचा तक्ताही गेला. कुठली कशाने गेली ते प्रत्येकीपुढे लिहिलं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले ते त्या तक्त्यावर आणि तिसऱ्या तारेवर. पहिल्या दोन सुंदर ग्राफांवर फारसं कुणी बोललंच नाही.

गुळगुळीत ग्राफाची किंमत

तुम्ही म्हणाल, जर्नलमधली दोन रीडिंग इकडची तिकडे झाली म्हणून एवढं काय? सवय कुठपर्यंत नेते, त्याचं एक जगजाहीर उदाहरण याच क्षेत्राच्या शेजारचं आहे. बेल लॅब्जमधला यान हेन्ड्रिक शून हा तरुण शास्त्रज्ञ २००० ते २००२ मध्ये एकामागून एक धक्कादायक पेपर छापत होता. एका रेणूएवढे ट्रान्झिस्टर, सेंद्रिय क्रिस्टलमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी. ग्राफ देखणे. मग लिडिया सोन आणि पॉल मॅकयुएन या दोन प्राध्यापकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या पेपरांतल्या ग्राफांमधला नॉइजसुद्धा हुबेहूब एकच आहे. नॉइज म्हणजे रीडिंगमधली आपोआप येणारी थरथर. ती दोनदा सारखी येऊच शकत नाही. चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचं सप्टेंबर २००२ मध्ये सांगितलं. त्याची नोकरी गेली, मोठमोठ्या जर्नल्सना त्याचे पेपर मागे घ्यावे लागले. तोवर जगभरातल्या कित्येकांनी ते प्रयोग आपल्या लॅबमध्ये करून पाहण्यात महिनेच्या महिने घालवले होते.

आपण ज्या थरथरीला घाबरून खोडरबर फिरवतो, त्याच थरथरीने तिकडे खोटं उघडं पाडलं. खरं मोजल्याची खूण तीच असते.

आता दुसरी बाजूही ऐकू. माझे एक सर म्हणतात, ‘अगं, प्रॅक्टिकल म्हणजे रिसर्च नव्हे. मुलांना आधी पद्धत कळू दे. उत्तर माहीत असलं तर चुकलं कुठे हे तरी कळतं.’ पटतं मला. ०.७ माहीत असणं वाईट नाही. तोच आकडा माहीत होता म्हणून तर आमचं काहीतरी चुकतंय हे कळलं. पण पुढचा प्रश्न ‘का चुकलं?’ असायला हवा होता. आम्ही विचारला ‘किती लिहू?’ आणि मार्क त्यालाच मिळाले. शिक्षकांचीही अडचण खरी आहे. एका सेटवर सहा मुलं असताना कोण कुणाची सुई तपासणार? पण मग निदान सुई टेकत नव्हती असं लिहिणाऱ्याचे मार्क तरी कापू नयेत. उत्तर ०.५ आलं आणि का आलं हे नीट लिहिलं, तर ते उसन्या ०.६८ पेक्षा वरचं धरावं. सेमिस्टरला एक तरी प्रॅक्टिकल असं असावं, ज्यातल्या सॅम्पलची किंमत मॅन्युअलमध्ये छापलेली नाही. याला जादा पैसे लागत नाहीत, नवं मशीनही लागत नाही.

आणि कॉलेज बदलेल तेव्हा बदलेल, आपल्या हातात काय आहे? रीडिंग पेनने घ्या. चुकलं तर एक रेघ मारा, खोडू नका. बंद पडलेलं, तुटलेलं, न जुळलेलं सगळं तारखेसकट लिहा. मोठ्या मशीनचं स्वप्न असेल तर ‘आमच्या कॉलेजात काहीच नाही’ म्हणून बसून राहू नका. आयआयटी मुंबईत ‘सैफ’ ही विश्लेषणाच्या उपकरणांची सुविधा बाहेरच्या संशोधकांना सॅम्पल पाठवून वापरता येते. बाहेरच्या संशोधकांना नॅनोफॅब्रिकेशनची सोय मिळावी म्हणून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून ‘आयएनयूपी’ हा कार्यक्रम सुरू केला. तुमच्या गाइडला घेऊन अर्ज करा. पण तिथे जाताना ‘किती यायला पाहिजे?’ हा प्रश्न घरी ठेवून जा.

माझं टीवायचं जर्नल अजून घरी आहे. परवा काढून पाहिलं. फोर प्रोबचा तो सरळसोट ग्राफ, लाल पेनाने ‘गुड’. त्या पानाच्या खाली मी आता पेनने एक ओळ लिहिलीये : ‘एक सुई टेकत नव्हती.’ चार वर्षं उशीर झाला. तुम्ही याच आठवड्यात लिहा.